भिगवणला पक्षी पाहायचे तर आधी उजनीचं पाणी बघा

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला गेलो आणि रोहित (फ्लेमिंगो) दिसलेच नाहीत, ही तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते. बहुतेक वेळा पक्षी आलेले असतात, जाणाऱ्याची तारीख चुकलेली असते. भिगवणचा पाणथळ भाग म्हणजे उजनी धरणाचा पाणफुगवटा, भिंतीमागे मागेपर्यंत पसरलेलं पाणी. धरणाचं पाणी वर्षभरात कित्येक मीटर चढतं-उतरतं आणि त्यावरच कुठला पक्षी कुठे उतरणार हे ठरतं. म्हणून सुट्टी कधी जोडून येते हे नंतर बघा. पाणी कुठवर आहे, ते आधी.

भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे, पण पाणी मागे इंदापूर, दौंड, करमाळा आणि कर्जत तालुक्यांपर्यंत पसरतं. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, डाळज, पळसदेव ही इंदापूर तालुक्यातली काठची गावं. लोक सर्रास 'भिगवण पक्षी अभयारण्य' म्हणतात, पण अभयारण्य म्हटल्यावर जसं कुंपण, फाटक आणि आखलेल्या पायवाटा डोळ्यांपुढे येतात, तसं इथे काही नाही. जाळी टाकणारे मच्छीमार, मोटारी लावलेले शेतकरी, म्हशी आणि पक्षी सगळे एकाच काठावर असतात. त्यामुळे कुठे जायचं, किती जवळ जायचं आणि कुठे थांबायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

पाण्याचा आकडा कसा वाचायचा

उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी राखून ठेवलेलं तळाचं पाणी, आणि उरलेला ५३-५४ टीएमसी उपयुक्त साठा. वर्तमानपत्रात रोज येते ती टक्केवारी उपयुक्त साठ्याची. म्हणजे 'उजनी शून्य टक्के' असं छापून आलं तरी धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं. 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते तेव्हा मृतसाठा वापरायला सुरुवात झालेली असते. उणे २० टक्के म्हणजे अजून ५३ टीएमसीच्या आसपास पाणी शिल्लक.

पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातली वरची धरणं भरली की त्यांचं पाणी दौंडवरून उजनीत येतं. चांगल्या पावसाच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी थेट उसाच्या बांधाला लागतं. तेव्हा काठ असा उरतच नाही. सगळीकडे खोल पाणी असतं आणि लांब पायांच्या पक्ष्यांना उभं राहायला जागा नसते. बदकं येतात, पण एवढ्या मोठ्या पाण्यावर विखुरलेली. पुढे शेतीला कालव्याची आवर्तनं सुटू लागली की पाणी उतरतं, रोज थोडा थोडा नवा ओला गाळ उघडा पडतो, आणि त्या गाळातल्या अळ्या, किडे, गोगलगायी, शेवाळ यांवर पक्षी जमतात. पाणी साचून उभं असेल त्यापेक्षा हळूहळू उतरत असेल तेव्हा काठ जास्त भरलेला असतो. म्हणून टक्केवारी किती आहे यापेक्षा ती गेला महिनाभर सतत खाली येते आहे का, हे बघा. अवकाळी पावसानं किंवा वरून सोडलेल्या पाण्यानं आकडा अचानक चढला असेल तर उघडा गाळ पुन्हा बुडतो आणि तिथे जमलेले पक्षी दुसरीकडे सरकतात. अशा वेळी आठवडाभर थांबलेलं बरं.

सर्वसाधारण वर्षी जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात भरवशाचा. पाऊस फार झालेल्या वर्षी हेच दिवस तीन-चार आठवडे पुढे ढकलले जातात. कमी पावसाच्या वर्षी डिसेंबरमध्येच चांगला काठ मिळतो, मात्र मार्चपर्यंत पाणी गावापासून इतकं लांब जातं की होडीपर्यंत पोचायलाच गाळ तुडवावा लागतो. जुन्या लोकांचं एक मोजमाप आहे: पळसदेवचं धरणात गेलेलं पळसनाथाचं मंदिर. त्याचं शिखर किती उघडं पडलं यावरून काठची माणसं पाण्याचा अंदाज बांधतात. मंदिर पायथ्यापर्यंत कोरडं झालं असेल तर ते दुष्काळाचं वर्ष, आणि तेव्हा होडीपेक्षा काठावरून पायी पाहणं सोयीचं.

निघायच्या दोन दिवस आधी कुंभारगावातल्या एखाद्या नावाड्याला फोन करा आणि 'रोहित आलेत का?' असं न विचारता 'दादा, पाणी कुठपर्यंत आहे? होडी कुठून लागते? रोहित कुठल्या बाजूला बसतायत?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर नेहमी 'आलेत' असंच मिळतं.

पोचायचं कसं, किती वाजता

पुण्याहून सोलापूर महामार्गानं भिगवण शंभर किलोमीटरच्या आसपास, दोन-सव्वादोन तास. पाणी महामार्गाच्या डाव्या हाताला आहे. कुंभारगाव, डिकसळ, डाळज या गावांना जायला डावीकडे आत वळावं लागतं. पुणे-सोलापूर एसटी भिगवणला थांबते आणि दौंड-सोलापूर लोहमार्गावर भिगवण स्थानकही आहे. पण पहाटे स्थानकावरून काठापर्यंत वाहन मिळेलच असं नाही. ते आदल्या दिवशी सांगून ठेवायचं.

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पावणेसातला होडीत बसलेलं असायला हवं. म्हणजे पुण्यातून सव्वाचारला निघा, नाहीतर आदल्या रात्री कुंभारगावात घरगुती मुक्काम करा. मुक्काम केलेला केव्हाही चांगला: संध्याकाळची एक फेरी मिळते, गाडी चालवणारा झोपाळलेला नसतो, आणि रात्री चिलापीचं कालवण आणि भाकरी मिळते. पहाटे दाट धुकं असेल तर होडी काढायची घाई करू नका. धुक्यात पक्षी दिसत नाहीत आणि होडी नकळत थव्यात घुसते.

दहानंतर, विशेषतः फेब्रुवारीपासून, पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते. दुर्बिणीतून सगळं वितळल्यासारखं दिसतं आणि फोटोही धूसर येतात. लेन्सचा दोष समजून लोक कॅमेऱ्याशी झटत बसतात. तो हवेचा परिणाम असतो आणि त्याला उपाय एकच, पहाटे या किंवा साडेतीननंतर या.

एक फायदा मात्र जाणून घ्या. ही गावं पाण्याच्या दक्षिण काठावर आहेत आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. त्यामुळे काठावर उभं राहून उत्तरेकडे पाहताना ऊन जवळपास दिवसभर पाठीशी राहतं. होडीतून हेच साधायचं तर नावाड्याला आधी सूर्याकडची बाजू धरायला सांगा आणि मग पक्ष्यांकडे वळा. ऊन समोर असेल तर रोहितसुद्धा नुसती काळी आकृती दिसतो.

सोबत काय घ्यायचं

दुर्बीण ८ × ४२ ची. ८ म्हणजे किती पट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानात १० किंवा १२ पटीची दुर्बीण पुढे केली जाते, पण हलत्या होडीत जितकी पट जास्त तितका थरथराट जास्त, आणि दृश्याचा घेर लहान असल्यानं उडता पक्षी सापडतच नाही. दहावर जायचं असेल तर काठावरून पाहणाऱ्यांनीच जावं. तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण, जिला पक्षीनिरीक्षक स्कोप म्हणतात, काठावर सोन्यासारखी आणि होडीत निरुपयोगी.

नवी दुर्बीण डोळ्यांना बसवून घेतल्याशिवाय निघू नका. शंभर पावलांवरची एखादी पाटी धरा. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन गोलांचा एकच गोल दिसेल असं अंतर ठेवा. मग उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्यानं पाटी स्वच्छ दिसेपर्यंत आणा. आता डावा डोळा मिटा आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्वच्छ करा. ती कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी वाट्या आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. अर्ध्या लोकांना दुर्बिणीतून डोकं दुखतं ते एवढं न केल्यामुळे.

पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास आणि वर पाण्यावरचा वारा. कान झाकणारी टोपी, वारा अडवणारं जॅकेट आणि आत दोन पातळ थर, कारण नऊ वाजता ते एकेक करून काढावे लागतात. कपडे मातकट, हिरवट, राखाडी. पांढरा आणि लाल नको. प्यायचं पाणी घरचं. उजनीत पुण्या-पिंपरीकडचं सांडपाणी भीमेवाटे येतं, त्यामुळे हात बुडवलात तर धुतल्याशिवाय काही खाऊ नका. खाऊची पिशवी घट्ट बांधलेली असू द्या. सुटलेली प्लास्टिकची पिशवी वाऱ्यानं थेट पाण्यात जाते.

कॅमेरा असेल तर ४०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स पुरते. होडीतून बसलेला पक्षी टिपायलाही शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको, उडता पक्षी असेल तर १/२०००. गडद पाण्यावरचे पांढरे पक्षी कॅमेरा जास्त उजळ घेतो आणि पिसांचे बारकावे पुसले जातात. म्हणून उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) अर्ध्या-पाऊण पायरीनं उणे ठेवा.

होडीत

दर होडीमागे ठरतो, माणशी नाही, आणि दर हंगामात बदलतो. किती वेळ, कुठपर्यंत, किती माणसं आणि किती पैसे हे काठावरच बोलून घ्या. पाच-सहा जणांची होडी असली तरी पाहणारे चारच बरे. पाचवा माणूस कायम कुणाच्या तरी आड येतो. दोन तास लागतातच. एका तासाची फेरी म्हणजे नुसती ये-जा.

जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाला, आणि त्याचे सगळे पट्टे लावलेले. पोहता येणाऱ्यांनाही. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जणांचा जीव गेला, ते हेच पाणी. इथे पाण्याचा पट्टा रुंद आहे, आडोसा नाही; वारा सुटला की लाटा लगेच उठतात. ढग दाटून आले असतील किंवा नावाडी नको म्हणाला तर एका शब्दानंही आग्रह करू नका. होडीत उभं राहायचं नाही आणि एक पक्षी दिसला म्हणून सगळ्यांनी एकाच बाजूला झुकायचं नाही.

निघतानाच नावाड्याला स्पष्ट सांगा: 'दादा, पक्षी उडवायचे नाहीत. लांबून दाखवलेत तरी चालेल.' हे सांगणं फार गरजेचं आहे. बरेच जण उडते रोहित टिपायला येतात, पक्षी उडाले नाहीत तर नाराज होतात, म्हणून नावाडी आपणहून होडी थव्यावर घालतो. चूक त्याची कमी आणि मागणाऱ्याची जास्त. रोहित जड पक्षी आहे. जागच्या जागी उडता येत नाही, पाण्यावरून बरीच पावलं पळत जाऊन मग तो पंखांवर येतो. सकाळी पाच होड्यांनी पाच वेळा उठवला तर त्याची खाण्याची वेळ पळण्यातच जाते.

जवळ जायची रीत अशी. दीड-दोनशे मीटरवर मोटर बंद. पुढे वल्ह्यानं किंवा बांबूनं. सरळ थव्यावर जायचं नाही. तिरकं जायचं, जणू तुम्ही बाजूनं निघून चालला आहात. दर तीस-चाळीस मीटरनं थांबून दोन-तीन मिनिटं गप्प बसा. पन्नास-साठ मीटरच्या आत जाऊ नका, आणि थवा व काठ यांच्यामध्ये किंवा थव्याच्या मधोमध होडी घालू नका. रोहितांच्या माना वाचायला शिका. खात असताना मान खाली, डोकं पाण्यात उलटं. एक-दोन माना वर आल्या तर ठीक. निम्म्या माना ताठ झाल्या, खाणं थांबलं आणि सगळे एकाच दिशेला, तुमच्यापासून दूर, चालू लागले की तुम्ही जास्त जवळ आलात. लगेच मागे फिरा. पुढची पायरी उड्डाणाचीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र ते माना ताठ करून डोकी डावी-उजवीकडे झटकत घोळक्यानं चालतात आणि मधूनच पंख पसरून लाल-काळा रंग दाखवतात. ते घाबरणं नाही, जोडीदारासाठीचं नाचणं आहे. फरक एवढाच पाहा: नाचणारा घोळका तिथल्या तिथे वळत राहतो, घाबरलेला दूर जात राहतो.

मोटर बंद करून दहा मिनिटं बसलात तर रोहित खातो कसा ते नीट दिसतं. तो दोन्ही पायांनी गाळ तुडवत, चोच मधोमध ठेवून स्वतःभोवती फिरतो. गाळ उचंबळतो, त्यातले बारीक जीव वर येतात आणि उलट्या चोचीतून पाणी गाळून तो ते ठेवून घेतो. पाणी उतरल्यावर त्याच जागी गाळात गोल गोल खळगे उरतात, मधे उंचवटा, भोवती चर. काठावर असे खळगे दिसले की समजा, दोन-तीन आठवड्यांपूर्वी इथे गुडघाभर पाणी होतं आणि रोहित इथेच होते. करड्या-तपकिरी रंगाचे, काळपट चोचीचे दिसतात ते अजून वयात न आलेले रोहित. आजारी समजू नका.

कुरवांना, म्हणजे सीगलना, शेव-फरसाण टाकू नका. होडीभोवती पांढऱ्या पक्ष्यांचा कालवा होतो, फोटो छान येतात, आणि त्यासाठी काठावर पुडे विकायला ठेवलेलेही दिसतात. पण कुरवांचं खाणं मासे आणि किडे. तळलेलं, खारट पीठ नव्हे. शेवेला सोकावलेले कुरव प्रत्येक होडीमागे धावतात आणि त्या गोंधळात बाजूची बदकं-चिखल्ये उठून जातात. ज्या होडीत शेव उधळली जाते तिच्यामागे जाऊ नका.

पाण्याची खोली आणि पक्षी

नव्या माणसाला शंभर जातींची यादी पाठ करण्यापेक्षा हे सोपं: पक्षी किती पाण्यात उभा आहे ते आधी बघा. काठापासून आत जाताना पक्षी पट्ट्यापट्ट्यांनी बदलतात.

कोरड्या, भेगा पडलेल्या गाळावर धोबी, चंडोल आणि आर्ली. आर्ली मातीच्या रंगाची, पाय आखूड, हलली नाही तर दहा पावलांवरूनही दिसत नाही. ओल्या गाळावर चिखल्ये आणि टिलवे. चिखल्या चार पावलं पळतो, थांबतो, टोचतो, पुन्हा पळतो. त्याची चोच आखूड, डोळे मोठे, तो नजरेनं शिकार करतो. टिलवा मात्र मान खाली घालून शिलाई मशीनसारखा टोचतच राहतो, कारण त्याला चोचीनं चाचपून कळतं. लांबून रंग ओळखू येत नाही तेव्हा ही चाल ओळखू येते. घोट्याएवढ्या पाण्यात तुतारी आणि लांब सरळ चोचीचे पाणटिवळे. त्यापुढे गुलाबी काड्यांवर उभा असल्यासारखा शेकाट्या. गुडघाभर पाण्यात चमचा, चित्रबलाक, राखी बगळा आणि रोहित. चमचा चोच पाण्यात अर्धी उघडी ठेवून डावी-उजवीकडे फिरवत चालतो. चित्रबलाक उघडी चोच पाण्यात धरून जवळपास उभाच राहतो आणि मासा शिवला की मिटतो.

त्याच्याही पुढे बदकं. शेपूट वर आणि डोकं खाली करणारी, म्हणजे तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक, ही मान पोचेल एवढ्याच खोलीत असतात. थापट्याची फावड्यासारखी चोच पाण्याला टेकलेली असते आणि चार-पाच थापटे एकमेकांच्या मागे गोल गोल पोहत असतात. पूर्ण बुडी मारणारी लालसरी, टिबुकली, पाणकावळा खोल पाण्यात. काळाभोर वारकरी सगळीकडेच. कपाळावर गंध लावल्यासारखी पांढरी टिकली. हीच भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते, तेव्हा नाव इथे फारच शोभतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बदकं ओळखताना डोकं चालत नसेल तर दोष तुमचा नाही. नर तेव्हा नुकतेच आलेले, जुनी भडक पिसं टाकलेले, मादीसारखेच मळकट असतात. डिसेंबरअखेरपर्यंत त्यांचे रंग चढतात. पहिली बदकं शिकायला जानेवारीच बरा.

कुरवांची गंमत अशी की तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव, दोघांचीही डोकी हिवाळ्यात पांढरी असतात. फक्त डोळ्यामागे काळपट ठिपका. पंखांची टोकं बघा. काळ्या टोकात पांढरे ठिपके (पक्षीनिरीक्षक त्यांना आरसे म्हणतात) असतील आणि डोळ्याचं बुबुळ फिकट असेल तर तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर आणि डोळा गडद असेल तर काळ्या डोक्याचा.

पट्टकदंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस, पाण्यात शोधू नका. ते रात्री-पहाटे शेतात, हिरव्या काठावर चरतात आणि दिवसा उघड्या काठावर घोळक्यानं बसून राहतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेला हा पक्षी माणसाला फार जपून असतो. दोनशे मीटरवरूनच पाहा.

बुडालेल्या झाडांच्या वाळक्या खोडांवरून एक नजर फिरवत राहा. तिथे मासे पकडणारा शिकारी पक्षी कैकर बसतो: पोट पांढरं, डोळ्यावरून गडद पट्टा, आणि पायात बहुधा मासा. शेकडो बदकं अचानक एकदम उठली तर त्यांच्याकडे पाहू नका. त्यांच्या वर आणि मागे पाहा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून काठाच्या गवतावरून संथ येत असतो, नाहीतर वरून ससाणा.

काठावरून पाहताना

होडी न करताही अर्धा दिवस उत्तम जातो. डिकसळच्या जुन्या पुलाजवळचा भाग चिखल्या-टिलव्यांसाठी चांगला. हा पूल फार जुना आहे; गाडी त्यावर नेऊ नका, अलीकडेच लावून पायी उतरा आणि पुलावर जाता येतं का ते गावात विचारा.

गाडी मुरमाच्या रस्त्यावरच थांबवा. पाणी उतरलेली जमीन वरून वाळून भेगाळते आणि खाली लोण्यासारखी मऊ असते. चाक एकदा बसलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. पायी जातानाही हातात काठी हवी. काठी वीतभराहून जास्त आत गेली तर तिथून मागे फिरा. पाय रुतला तर झटका देऊन वर ओढू नका, त्यानं दुसरा पाय जास्त बुडतो. मागे झुकून बसा, पाय हळूहळू हलवून आत हवा शिरू द्या आणि टाच आधी सोडवा. गाळात शिंपले, काचा, जाळ्यांचे तुकडे असतात, म्हणून घट्ट बसणारे बूट घाला. चप्पल गाळ ठेवून घेतो.

सगळ्यात मोठा धोका लक्षात न येणारा आहे. पाणी मागे गेलं की शेतकरी मोटारी पुढे नेतात आणि विजेच्या केबली ओल्या गाळावरून, कधी पाण्यातून, जोडावर जोड देऊन टाकलेल्या असतात. केबल ओलांडायची, तिच्यावर पाय द्यायचा नाही, आणि मोटारीजवळच्या पाण्यात उतरायचं नाही.

उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. कोवळं पीक दुरून नुसतं गवत वाटतं. समोर शेतकरी असेल तर 'काका, इथून गेलं तर चालेल का?' एवढं विचारा. बहुतेक वेळा ते स्वतःच पक्षी कुठे बसतात ते दाखवतात.

मार्च ते मे या काळात उघड्या पडलेल्या बेटांवर आणि रेतीच्या पट्ट्यांवर अजिबात उतरू नका. नदी सुरय, आर्ली, टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला की तुम्ही घरट्याजवळ आहात. आल्या पावलांवर पाय ठेवत परत फिरा. भर उन्हात पक्षी दहा-पंधरा मिनिटं अंड्यांवरून उठला तरी अंडी भाजून निघतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी साडेपाचनंतर काठाजवळच्या पाणकणसात किंवा बाभळींत रात्रीच्या मुक्कामाला येणारे भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे पाहायला थांबा. शेकडो-हजारो पक्षी एका अंगानं वळतात तेव्हा आकाशात कापड झटकल्यासारखं दिसतं. त्यांच्या मुक्कामाच्या झाडीत बॅटरी मारत शिरू नका.

मोजणी आणि नोंद

नुसतं 'खूप बदकं' असं लिहिलं तर त्या नोंदीचा पुढे कुणालाच उपयोग होत नाही. थव्याच्या एका कडेचे पन्नास पक्षी एकेक करून मोजा, त्यांनी केवढी जागा व्यापली ते डोळ्यात धरा, आणि तो तुकडा थव्यावर किती वेळा बसतो ते पाहा. मध्यभागी दाटी जास्त असते, तिथे एक तुकडा पुन्हा मोजून घ्या. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे जुळवले तर चूक बरीच कमी होते. सुरुवातीची वेळ, किती वेळ पाहिलं, किती अंतर गेलात, धरणाची त्या दिवशीची टक्केवारी आणि ओळखू न आलेले पक्षीसुद्धा लिहा. टक्केवारी लिहून ठेवलीत तर दोन-तीन हंगामांत कुठल्या पाण्याला कुठले पक्षी, हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तेव्हा जाणार असाल तर आपली मोजणी तिच्यात भरता येते.

जाळ्यात अडकलेला पक्षी दिसला तर

टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात वारकरी, टिबुकली, पाणकावळा अडकतात. बगळा किंवा करकोचा असेल तर आधी स्वतःचे डोळे सांभाळा, तो थेट चेहऱ्यावर चोच मारतो. पक्ष्याच्या डोक्यावर हलकं सुती कापड टाका, अंधार झाला की तो शांत होतो. पंख अंगाशी मिटून दोन्ही हातांनी धरा, आणि दुसऱ्यानं कात्रीनं जाळं कापावं, ओढू नये. ओढलं की दोरा मांसात रुततो. जाळं वापरातलं असेल तर कापण्याआधी मच्छीमाराला हाक मारा, तो बहुधा तुमच्यापेक्षा लवकर सोडवून देतो. पाणी पाजू नका, खायला घालू नका. पंख लोंबत असेल किंवा उभं राहता येत नसेल तर हवेसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सावलीत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून गावाचं नाव, काठावरची खूण आणि पक्षी केवढा आहे ते सांगा.